वरच्या धनगरवाडीची खूण

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कशेडी घाटात, दरड कोसळून थांबलेल्या रांगेत होतो. महाडला अंत्यदर्शनाला वेळेत पोचणं शक्य नव्हतं. डोळे भरून आले, पण मनात दुसरंच आलं… बरं झालं, मागच्या महिन्यात त्यांना सांगून टाकलं.

ताई पोलादपूरकडच्या डोंगरातल्या एका उपकेंद्राच्या नर्सबाई. काही वर्षांपूर्वी मला तिथल्या वाड्यांचा नकाशा करायला नेमलं होतं. प्रत्येक वाडीवर जाऊन मोबाइलमध्ये ठिकाण नोंदवायचं, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स न विचारता पोचेल. एका दुपारी ऊन फार होतं. दोन धनगरवाड्यांपैकी वरची मी चढलोच नाही. खाली टपरीवर चहा पीत अंदाजाने खूण केली.

पावसाळ्यात तिथल्याच एका सुनेला कळा सुरू झाल्या. गाडी माझ्या खुणेप्रमाणे डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर जाऊन उभी राहिली. इकडे माणसं तिला डोलीतून उतरवत होती, सासू रडत होती, “बाई, गाडी काय दिसत नाय गो!”

“गाडीचं मी बघते, तुम्ही पाय सांभाळा,” डोलीबरोबर चालणाऱ्या ताई म्हणाल्या. शेवटी वाटेवरच्या गोठ्यात त्यांनी बाळंतपण केलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. गाडी का चुकली, असं वरिष्ठांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, “धुकं होतं.”  दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या वाड्या पुन्हा चढलो, एकूण एक.

पण खरं सांगितलं नाही, ते आत टोचत राहिलं. ताई निवृत्त होऊन महाडला राहायला आल्या, तरी बोलवेना. मागच्या महिन्यात गेलो, तेव्हा त्या वाल सोलत होत्या.

“ताई, त्या वाडीवर मी गेलोच नव्हतो.”

“माहीत आहे रे. त्या बाळंतिणीच्या सासूने तेव्हाच सांगितलं होतं, नकाशावाला आमच्याकडं आलाच नाय म्हणून… आणि नंतर भर पावसात आलास, तेही सांगितलं. मग मी कशाला बोलू?” त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. “बसलायस तर सोल.”

घरी परतताना किती वर्षांनी मोकळा श्वास घेतला.

परवा उपकेंद्रात गेलो. तिथे रेंज नसते, म्हणून ताईंनी नकाशा कागदावर छापून भिंतीला लावून घेतला होता. गरोदर बाईच्या वाडीवर पेन्सिलीने ठिपका द्यायचा, ती नीट बाळंत झाली की खोडायचा, ही त्यांची रीत. खोडून खोडून कागद जागोजागी विरलाय.

“नवा छापून देतो,” मी नव्या नर्सबाईंना म्हटलं.

“नको, हाच असू दे.” त्यांनी खोडरबर घेतलं आणि एक ठिपका हलक्या हाताने पुसला. “काल झाला. मुलगा. काय रडला म्हणून सांगू!”