माथेरानची घोडी घाटकोपरात

माझ्या वडिलांना समोरच्याला खूश करायची वाईट खोड होती. कुणाच्या घरात पेटी दिसली की ते गाण्यातले होत, कुणाच्या खिडकीत गुलाब दिसला की बागेतले. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यभर कचेरीत फायली लावल्या, आणि मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत तुळशीखेरीज काही उगवलं नाही. ही खोड आम्हाला अधूनमधून नडायची. पण मामाच्या लग्नात ती अशी नडली, की ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला त्यांचा राग येतो. हसूही येतं, पण राग आधी येतो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होता आणि आमच्याकडेच राहायचा. मी नऊ वर्षांची होते, तेव्हा आम्ही सगळे त्याच्यासाठी घाटकोपरची एक मुलगी बघायला गेलो. मुलीने पोह्यांची बशी पुढे केली. मामाने घाबरून पहिल्याच घासाला अख्खी मिरची चावली आणि डोळ्यांत पाणी आणून "छान झालेत" म्हणाला. मुलगी तोंडावर बोटं धरून फिसकन हसली. झालं, तेवढ्यावर मामा कामातून गेला.

सगळं तिथेच जमलं असतं. पण त्या घरात मुलीचे आजोबा होते. त्यांची सगळी उमर एका संस्थानाच्या पागेत घोडे सांभाळण्यात गेली होती. भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी एक लगाम टांगलेला होता, आणि माझ्या वडिलांनी तो आल्या आल्या हेरला होता.

आजोबांनी विचारलं, "मुलाला नाद कसला?"

मामाला रविवारी दुपारी झोपण्याचा नाद होता. पण त्याने तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "घोडेस्वारी!"

आई पोहे खाता खाता थांबली. मामाने वडिलांकडे असं पाहिलं, की मला त्याची दया आली. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं: सहा वर्षांचा असताना गिरगावात एका व्हिक्टोरिया गाडीच्या घोड्याने मामाच्या डोक्यावरची नवी टोपी खाल्ली होती. तेव्हापासून घोडा दिसला की मामा रस्ता ओलांडायचा आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवायचा.

आजोबा मात्र खुलले. "मग मोटारबिटार काही नको. नवरदेव आमच्या मांडवात घोड्यावरूनच येईल. मी दारात उभा असेन. घोड्यावर बसलेला माणूस खरा की खोटा, मला बघितल्याबरोबर कळतं." आणि मिशीवरून हात फिरवत ते पुढे म्हणाले, "थापाड्या घरात मी नात देणार नाही. मांडवातून परत पाठवीन."

बाहेर पडल्यावर मामा एवढंच म्हणाला, "भावोजी, वाट लावलीत माझी."

"काही नाही रे," वडील म्हणाले. "तीन दिवसांत माणूस घोड्यावर बसतो." हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे.

अशा रीतीने आम्ही मे महिन्यात माथेरानला गेलो. शेजाऱ्यांना सांगितलं, हवापालट. आईने स्टोव्ह घेतला, पोळपाट घेतला, मेतकुटाचा डबा घेतला, तीन दिवसांसाठी पापडही घेतले. वडिलांनी मामाकडूनच कचेरीच्या फुलस्केप कागदावर एक यादी टाइप करून घेतली होती: 'माथेरान येथे करावयाच्या गोष्टी'. सूर्योदय पाहणे. सूर्यास्त पाहणे. तळे पाहणे. एको पॉइंटवर ओरडणे. चिक्की खाणे. माकडांपासून सावध राहणे. सगळ्यात खाली, जणू आठवलं म्हणून, घोड्यावर बसणे. ही यादी पहिल्याच सकाळी एका माकडाने पळवली, त्यामुळे सावध राहण्याच्या कलमावर खूण करायची राहूनच गेली.

माथेरानात मोटारी नव्हत्या. जिकडे बघावं तिकडे लाल माती आणि घोडे. स्टेशनावर उतरताच दहा घोडेवाल्यांनी आम्हाला घेरलं. मामा होल्डॉलच्या मागे जाऊन बसला, डोक्यावर हात. मी मात्र पाचव्या मिनिटाला एका तट्टावर होते, आणि फार झकास वाटत होतं. आईने मला डोळ्यांनीच दटावलं, की एवढं चांगलं बसू नकोस, मामाला वाईट वाटेल.

शेवटी एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने आपली पांढरी घोडी पुढे आणली. घोडीही म्हातारीच होती. पोट मोठं, पापण्या पांढऱ्या, चेहरा एकदम समजूतदार. मामाच्या टोपीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"सायेब, तुमी निस्तं बसायचं," घोडेवाला म्हणाला. "तिला समदं ठावं हाय."

पहिल्या खेपेला मामा डाव्या बाजूने चढला आणि थेट उजव्या बाजूने उतरला. दुसऱ्या खेपेला बसला, पण तोंड शेपटीकडे. तिसऱ्या खेपेला वडिलांनी एक पाय धरला, आईने दुसरा, आणि तो नीट बसला. बसला आणि लगेच डोळे गच्च मिटले. म्हणाला, "आता चालवा. मला काही सांगू नका."

पहिल्या पॉइंटपर्यंत सगळं बरं झालं. तिथे कठडा होता आणि कठड्यापलीकडे खोल दरी. घोडी गेली, कठड्याशी थांबली, तोंड दरीकडे केलं, आणि उभीच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वडिलांनी चुचकारलं, मी हरळी दाखवली. घोडी ढिम्म.

"'वा' म्हना," घोडेवाला म्हणाला.

"काय?"

"हितं येनारा दर मानूस कठड्याशी आला की 'वा' म्हनतो. तो 'वा' म्हनला की मी घोडी वळवतो. वीस वर्सं झाली. आता मला वळवाया लागत न्हाई, ती आपली आपनच वळते. पन पाठीवरच्यानंच म्हनलं पायजे, आनि मनापासून."

मामा डोळे मिटून पुटपुटला, "वा." घोडीने नुसता कान हलवला. तिला तो 'वा' पटला नव्हता. मग खालून येणाऱ्या वाऱ्यावरून पुढे दरी आहे हे मामाच्या लक्षात आलं आणि तो जीव तोडून ओरडला, "वा! वा! वाऽऽ!" घोडी समाधानाने वळली आणि चालू लागली.

तीन दिवस असेच गेले. मामाने माथेरानचे सगळे पॉइंट पाहिले असं म्हणता येणार नाही, कारण त्याने एकदाही डोळे उघडले नाहीत. पण प्रत्येक ठिकाणी वाहवा मात्र केली. एको पॉइंटवर एक भानगड झाली. मामाने एकदा 'वा' म्हटलं, आणि दरीने ते सहासात वेळा परत म्हटलं. इतकी तारीफ घोडीने जन्मात ऐकली नसावी. ती जी सुटली ती पुढचे तीन पॉइंट न थांबता पार करून तळ्यापाशी जाऊन उभी राहिली. आम्ही धापा टाकत पोचलो, तेव्हा मामा तिच्या मानेला मिठी मारून बसला होता, डोळे मिटलेलेच. पडला नव्हता. वडील म्हणाले, "बघा! स्वार झाला!"

परत निघताना मामाने आईला बाजूला घेतलं. "ताई, मी बसेन. पण याच घोडीवर. दुसरी असेल तर आजोबांना आत्ताच खरं काय ते सांगून टाकतो." आणि मग हळूच, खाली बघत म्हणाला, "मला तीच मुलगी हवीय गं." मामा असं काही कधी बोलायचा नाही. आईने वडिलांकडे पाहिलं, आणि वडील मुकाट्याने घोडेवाल्याशी बोलायला गेले.

सीझन संपतच आला होता. घोडेवाला कबूल झाला. नेरळला उतरून, कल्याण-ठाण्यावरून दोन दिवस पायी चालत तो घोडी घेऊन घाटकोपरला आला. वराची मंडळी मांडवापासून दहा मिनिटांवरच्या एका शाळेत उतरली होती. तिथे घोडीला झूल घातली, कपाळावर गोंडा बांधला. मामाला फेटा, मुंडावळ्या. मी करवली, हातात कलश घेऊन घोडीच्या अगदी शेजारी. मुहूर्त गोरज. दहा मिनिटांची वाट म्हणून आम्ही अर्धा तास आधी निघालो. फार झाला असं वाटलं होतं.

आमच्या सगळ्यांच्या एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. घाटकोपरातही कठडे होते.

पहिला आला तबेल्याचा. बांबूचा कठडा, पलीकडे चाळीसेक म्हशी. घोडी शिस्तीत गेली, म्हशींकडे तोंड करून थांबली. बँड पुढे निघून गेला आणि नवरदेव नाही म्हणून परत आला. मामाने डोळे न उघडता "वा!" म्हटलं. घोडी हलेना. घोडेवाल्याच्या लक्षात आलं, की बँडला बुजू नये म्हणून आपणच तिच्या कानांत कापूस घातलाय. कापूस काढला, बँड गप्प केला. मामा ओरडला, "वा! वा! काय सुंदर!" म्हशी बांधणारा भय्या हात जोडून पुढे आला. त्याच्या म्हशींना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुसरा कठडा नाल्यावरच्या पुलाचा. नाल्याचं काय वर्णन करू? वऱ्हाडाने नाकाला पदर आणि रुमाल लावले आणि नवरदेव मध्यभागी उभा राहून "वा!" म्हणत होता. मुलीकडचे दोघे बोलवायला आले होते, ते एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्या ठिकाणी रस्ता खाडीकडे उघडायचा. तिथे मिठागरांपुढे कुणीतरी गुरांसाठी आडवं लाकूड बांधलं होतं. घोडीला तेवढंही पुरलं. सूर्य अगदी टेकला होता. आई पुटपुटली, "मुहूर्त चुकला तर म्हातारा सगळ्यांना उभं चिरील." मी देवाला नवस बोलले, की हे लग्न झालं तर मी महिनाभर चिक्की खाणार नाही.

शेवटी मांडव दिसला. फाटकात आजोबा उभे, कोट घालून, हातात घड्याळ. दहा पावलं राहिली. आणि घोडी थांबली.

मी वर पाहिलं. त्या घराला पहिल्या मजल्यावर लाकडी कठड्याची गॅलरी होती. घोडीने तिच्याकडे तोंड केलं होतं.

"वा," मामा म्हणाला. आवाज बसला होता. घोडी ढिम्म. "वा. वा." तिने कान हलवला फक्त. आत भटजी ओरडत होते. आजोबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि ते घोडीच्या दिशेने येऊ लागले. वडिलांचा चेहरा पांढरा पडला. घोडेवाला कळवळून म्हणाला, "सायेब, मनापासून!"

तेव्हा आईचा संयम सुटला. "मेल्या, डोळे उघड आणि बघ तरी समोर!"

आणि मामाने घोड्याच्या पाठीवर बसून आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडले.

गॅलरीत नवरी उभी होती. तिने खरं तर आत गौरीहरापुढे बसायचं. पण नवरा घोड्यावर कसा दिसतो ते बघायला ती पिवळ्या अष्टपुत्रीत तशीच पळत आली होती. तिने मामाला पाहिलं, तोंडावर बोटं धरली आणि फिसकन हसली.

"वा!" मामा म्हणाला.

हळूच म्हणाला. बँडवाल्यांनाही ऐकू गेलं नसेल. घोडी लगेच वळली आणि चालत फाटकात जाऊन उभी राहिली.

आजोबांनी लगाम धरला. मी अगदी जवळ होते, म्हणून ऐकलं. "कधी शिकलास?"

मामाने खोटं सांगितलं नाही. "गेल्या महिन्यात. तेही डोळे मिटून. मला घोड्याची फार भीती वाटते."

"मग चढलास कशाला?"

मामाने फक्त वर गॅलरीकडे पाहिलं. आजोबांनीही पाहिलं. मग म्हातारा मिशीत हसला आणि मामाला उतरवायला हात पुढे केला. "उतर. मुहूर्त जातोय." वडिलांकडे वळून मात्र त्यांनी विचारलं, "आणि व्याहीबुवा, तुम्हाला काय काय येतं?"

"फायली लावता येतात," वडील म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं इतकं खरं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

घोडीचा किस्सा मामीला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी सांगून टाकला. तिला तो फार आवडला, जरा जास्तच. त्यानंतर जन्मभर, कुठे बाहेर निघताना मामी साडी नेसून उंबऱ्याशी यायची आणि थांबायची. मामा चपला शोधत शोधत "वा" म्हणायचा, आणि मामी जागची हलायची नाही. मग मामाला चपला खाली ठेवून नीट बघावं लागायचं.