उचगावच्या परण्यात गाल फुगवताना

कोल्हापूरला मी रंकाळ्यासाठी गेलो नव्हतो, देवीच्या दर्शनासाठीही नाही. मला हबीबचा ट्रंपेट पुन्हा ऐकायचा होता, आणि एकदा, एकच गत, त्याच्या मागे गिटार वाजवायची होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्याच्या बरंच आधी मी मुंबईत शिकायला होतो. चर्चगेटजवळच्या एका उपाहारगृहात रविवारी सकाळी जॅझ वाजायचं. एका कॉफीवर दुपारपर्यंत बसता येई. चाल आधी सगळे मिळून वाजवत, मग एकेकाची पाळी. ज्याची पाळी त्याने त्या चालीतून हवं तिकडे जावं, बाकीच्यांनी खाली ताल-सुरांची जमीन धरून ठेवावी. पाळी संपली की मान हलवून पुढच्याला द्यायची. हबीब वाजवायचा तेव्हा डोळे मिटलेले असत आणि गाल सपाट. ओळ संपताना सूर किंचित खाली घसरू द्यायची त्याची एक तऱ्हा होती. दाराबाहेर पडलेल्या माणसाने एकदा मागे वळून बघावं, तसा.

शेवटची गत सर्वांना खुली असे. श्रोत्यांतला कुणीही आपलं वाद्य घेऊन वर जाऊ शके. मी खोलीवर वर्षभर तयारी केली. ज्या रविवारी गिटार घेऊन गेलो, त्या रविवारी मंचाच्या जागी टेबलं मांडलेली होती. "बँड बंद केला," वेटर म्हणाला. "काही खाणार?"

पुढे पुण्यात कॉलेजात शिकवू लागलो. ड्रम वाजवणारा दिलीप भेटला. आम्ही दोघे आठवड्यातून एकदा वाजवायचो आणि दर वेळी काहीतरी कमी पडायचं. मग कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याकडून कळलं, की मुंबईला वाजवून आलेला हबीब नावाचा कुणी तिथे पुतण्याने चालवलेल्या लग्नाच्या बँडमध्ये आहे. दिलीपने पुढच्या रविवारसाठी एका शाळेचं सभागृह मिळवलं. म्हणाला, "त्याला घेऊनच ये."

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. तेव्हा कोल्हापूरला पोचायला सगळा दिवस जाई. कात्रज आणि खंबाटकीचे घाट, मध्ये उसाच्या बैलगाड्या, आणि त्यांच्यामागे खोळंबलेले ट्रक. आता चौपदरी रस्ता आहे, दुपारच्या जेवणाला पोचता येतं. खिडकीची जागा घ्यायची असेल तर अजूनही डावी बाजू बरी. उन्हाचा त्रास सकाळी संपून जातो.

कंडक्टरने गिटारच्या पेटीवर पंच ठोकला.

"ह्ये काय? सतार?"

"गिटार."

"वाजतीया का?"

"वाजते."

"मग मांडीवर घ्या. टपावर टाकली तर कऱ्हाडपातुर सरपण हुईल."

कऱ्हाडला चहा आणि भजी घेतली. भजी गरम होती, एवढंच आठवतं. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली स्वस्त मिळाली. खिडकीची खोली हवी असेल तर आधी सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाल्ली. ती पावाच्या स्लाइसबरोबर देतात, आणि रस्सा संपला की न विचारता पुन्हा वाढतात. गल्ल्यावरच्या माणसाला बँडचा पत्ता विचारला.

"लगीन कुणाचं?"

"कुणाचंच नाही. ऐकायला आलोय."

त्याने मला नीट पाहून घेतलं. "बँड ऐकाया? पुण्यासनं?" मग आतल्या बाजूला वळून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंसा का, ह्ये बघा पावणं!"

बँडचं दुकान लांब नव्हतं. दारावर ढोल टांगलेला, आत खुंट्यांवर लाल कोट. हबीब बाकावर बसून ढोलाचा पट्टा शिवत होता. मी त्याला लगेच ओळखलं. त्याने मला ओळखण्याचं कारण नव्हतं. त्याच्या मिशा ओठांवर उतरल्या होत्या. ट्रंपेट वाजवणारा माणूस मिशा इतक्या वाढू देत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

मी मुंबईचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, पुण्याच्या सभागृहाचं सांगितलं. तो ऐकत होता. सुई थांबली होती.

"जॅझ," तो म्हणाला. मग पुढचा टाका घातला.

त्याचा पुतण्या इस्माईल बँडचा मालक. तिशीचा, हसरा, गळ्यात रुमाल. तो म्हणाला, "आज उचगावात परण्या हाय, पावणं. चाचा हायतच. या की आमच्यासंगं. बाकीचं मागनं बघू."

नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजतगाजत मांडवाकडे निघतो, त्याला इकडे परण्या म्हणतात. गोरज मुहूर्त होता, म्हणजे परण्या उन्हं कलताना. मला वाटलं, चालेल. रस्त्यात तर रस्त्यात.

निघायच्या वेळी एक माणूस आला नाही. इस्माईलने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली.

"पावणं, कोट घाला."

"मला यातलं काही वाजवता येत नाही."

"वाजवायचं कुठं हाय? धरायचं. एकवीस माणूस ठरलंय आन् नवऱ्याचा मामा मोजून घेतोय. ह्यातलं निम्मं नुस्तंच धरत्यात."

त्याने एक मोठा बाजा माझ्या हातात दिला. तोंडाशी चिंधी कोंबलेली होती. चुकून फुंकलंच तर आवाज निघू नये म्हणून. बाकीचे हसत होते. मीही हसलो. कोट काखेत तंग होता आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या घामाचा वास होता. पण हबीब माझ्या शेजारच्या रांगेत उभा राहणार होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

उचगाव तेव्हा शहरापासून वेगळं दिसायचं. मध्ये शेतं होती. आज त्या बाजूने गेलात तर गाव कुठे सुरू होतं ते कळणार नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे जाणारे ट्रक दिसतील. टेंपोत आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. गिटार मी दुकानातच ठेवली होती.

देवळासमोर रांगा लागल्या. नवरदेव घोड्यावर चढला, ढोलावर काठी पडली, सिनेमाचं एक गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीच्या शेवटी ट्रंपेटचा सूर खाली घसरला.

तोच. इतक्या वर्षांनंतर, धुळीत, फटाक्यांच्या धुरात, तोच. माझ्या हातातला बाजा जड होता, मी तो विसरलो. वळून हबीबकडे पाहिलं.

त्याचे गाल फुगले होते. टम्म, लहान मुलांना हसवण्यासाठी फुगवावेत तसे. मुंबईत ते कधीच फुगत नसत.

सूर पुढच्या रांगेतून येत होता. तिथे मानेवर केस रुळणारा एक तरुण वाजवत होता. दुसरी ओळ संपली, सूर घसरला. तिसरी संपली, घसरला. प्रत्येक ओळीला, न चुकता, पानाच्या ठेल्यावर चुना लावावा तसा. पोरं शिट्ट्या मारत होती.

नवऱ्याचा मामा रांगांमधून फिरत होता. फेटा, हातात छडी.

"फुगवा की गाल! ह्यो चष्मेवाला बघा, उसाचा रस पितोय जणू!"

हबीब माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाल फुगवा, पावणं."

मी फुगवले. त्याच्याकडून मिळालेली तेवढीच तालीम.

मांडव येईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी चाललो, दोघेही मुके. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो. ट्रंपेटच्या कळांवर बोटं चालू होती, पण समोरच्या गाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. गाणं थांबलं तरी ती थांबत नव्हती. दुसरंच काहीतरी चाललं होतं, लांब आणि वळणांचं. कोणती चाल, ते मला ओळखता आलं नाही. गिटारवर बोट बघून सूर सांगता येतो. ट्रंपेटवर येत नाही. तिथे त्याच बोटांतून ओठ वेगवेगळे सूर काढतात.

बँडवाल्यांची पंगत मांडवामागे बसली. मटणाचा रस्सा होता, तांबडा आणि पांढरा. कोल्हापुरात जे लोक हॉटेलात शोधत फिरतात ते लग्नाच्या मांडवामागे जास्त चांगलं मिळतं, असं माझं अजूनही मत आहे. हबीब भाकरी रश्शात बुडवून मऊ होईपर्यंत थांबत होता.

"वरचं दात गेलं," तो म्हणाला. "फुडचं. कवळी लावून बगितली. शीळसुदीक वाजत न्हाय."

"मी पत्र टाकून विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"विचारलं असतंसा तर आला असता व्हय?"

वाढणारी बाई येऊन म्हणाली, "चाचा, आणि घ्या की. वाजवून वाजवून दमलासा." त्याने ताट पुढे केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारची एसटी होती. सकाळी गिटार आणायला दुकानात गेलो. इस्माईल नव्हता. मी पेटी उचलली तेव्हा हबीब म्हणाला, "काढा बाहीर."

त्याने ट्रंपेट घेतला, ट्रंपेटच्या तोंडातली चिंधी ओढून काढली आणि बाकावर ठेवली.

"कुठली?" मी विचारलं.

"मुंबईची. शेवटची."

पायाने त्याने लय दिली. मी जमीन धरली. त्याने डोळे मिटले आणि फुंकलं. सूर निघाला नाही. नुसती हवा, आणि कळांची टकटक. गाल सपाट होते. मी चालीबरोबर पुढे सरकत राहिलो. आता तो कुठे असेल याचा अंदाज करत होतो, आणि अंदाज खरा की खोटा ते कळायला काही साधन नव्हतं. ओळींच्या शेवटी ट्रंपेट जरासा खाली झुके.

मग त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

ही माझी पाळी होती. मुंबईत ज्या पाळीसाठी वर्षभर बसलो ती. हातात तेव्हा बसवलेलं सगळं होतं. मी ते वाजवलं. बरोबर वाजलं. त्यात काही नव्हतं.

दारात दोन माणसं उभी होती, बँड ठरवायला आलेली.

"म्हाताऱ्याचा आवाजच येत न्हाय की," एक म्हणाला.

"लांबनं येतोय," दुसरा म्हणाला, आणि दोघे हसले.

इस्माईल त्यांच्या मागून आत आला. "चाचा, टोपी घाला." हबीबने चिंधी परत कोंबली आणि बँडची टोपी घातली. मला म्हणाला, "गाडी चुकंल, पावणं."

परतीला खिडकी मिळाली. बाहेर काय होतं ते लिहिण्यासारखं आठवत नाही.

रविवारी सभागृहात थोडेच लोक आले. दिलीपने विचारलं, "तो?" मी सांगितलं, नाही येणार. मग आम्ही दोघांनीच वाजवलं. शेवटी मी ती मुंबईची गत घेतली. हबीबच्या पाळीला मी जमीनही काढून घेतली, मला थांबलेलं पाहून दिलीपही थांबला. हात तारांवर ठेवून मनात मोजत राहिलो. त्याला लागेल तेवढी जागा मला द्यायची होती.

पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी वाटलं, संपलं. त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. दिलीपने काठ्या खाली ठेवल्या. अजून माझी पाळी यायची होती.