हळदीकुंकवाच्या फ्लॉप्या

चंद्रभान कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कुणाला येऊ देत नसे. लघवीची बाटली हातात धरून अवघडलेली बाई असो की कंपनीचा मॅनेजर, चपला बाहेर. ज्या टेबलावर रक्ताच्या काचा पुसायच्या तिथे माशा बसल्या तरी चालत, पण मशीनपुढे पावित्र्य पाहिजे. बोईसर स्टेशनजवळची ती लॅब, मालक डॉक्टर वामनराव. कॉम्प्युटर त्र्याण्णवच्या दसऱ्याला मुंबईहून आला, तोही दुसऱ्याने वापरून टाकलेला. पण पेढे असे वाटले, जणू लॅबला मुलगाच झाला. नारळ फोडायचा मान चंद्रभानचा.

त्याआधी हा चंद्रभान कोण होता? जालन्याकडचा, बारावीला आपटलेला. तारापूरच्या एमआयडीसीत चिकटायला म्हणून आला आणि उतरला बन्सीच्या खोलीवर. बन्सी त्याच्याच गावचा, रंगाच्या कंपनीत रसायनाच्या टाक्या धुणारा. बन्सीची बायको मैनाबाई हिने या बाप्याला दोन पावसाळे भाकरी घातली. लॅबमधली नोकरीही बन्सीनेच ओळखीपाळखी काढून मिळवून दिली. तिथे तो रजिस्टर लिहायचा: कुणाचं रक्त, काय निघालं, कोणत्या तारखेला. आकडा वाईट निघाला की त्याखाली लाल रेघ मारायची, ही त्या लॅबची पद्धत. अक्षर चांगलं होतं गड्याचं. त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं तर तेवढंच.

मग पालघरला जाऊन त्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला, सर्टिफिकेटला फ्रेम केली आणि गळ्यात टाय अडकवला. बोईसरच्या उकाड्यात टाय! मानेवर घामोळं उठलं, पण टाय सुटला नाही. आता नुसतं चंद्रभान म्हटलं की तो ओ देईना.

"वहिनी, लोकांसमोर सर म्हणत जा. बरं दिसतं."

मैनाबाई कसली ऐकते. "भावजी, आधी माझी दोन वर्सांची भाकर ओका, मंग म्हणते सर."

त्याने बन्सीच्या घरी जाणं कमी केलं.

खरं सांगायचं तर लोकांनीच त्याला चढवलं. हाताने लिहिलेला रिपोर्ट नको, कडेला भोकाभोकांची पट्टी असलेल्या कागदावर छापलेला पाहिजे, असं चिंचणीपासूनची माणसं म्हणू लागली. छापून आलं म्हणजे खरं! डॉक्टरांचीही कळी खुलली. त्यांनी वर्षभर चंद्रभानकडून सगळी जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये टाइप करून घेतली, आणि मग ती उचलून रद्दीत घातली. जागा मोकळी झाली म्हणून वर एक टेबलफॅन आणला. पुढे कित्येक दिवस बाजारात सातपाटीच्या कोळणी त्याच कागदांत सुके बोंबील बांधून देत होत्या. कुणाच्या लघवीत साखर, कुणाला कसला आजार, सगळं बोंबलाच्या वासासकट घरोघर पोचलं. एक कोळीण तर गिऱ्हाइकाला म्हणाली, "घे गो, मास्तराच्या साखरेचा कागद हाय, बोंबील गोड लागंल!" हसून हसून बाजार आडवा. लॅबमध्ये मात्र कुणाला लाज वाटली नाही.

आता सगळ्या बोईसरचं रक्त राहिलं ते काळ्या पातळ चकत्यांवर. त्यांना फ्लॉपी म्हणतात. कॉम्प्युटर इतका जुना की त्याला स्वतःच्या पोटात काही ठेवता येत नव्हतं. जे काही होतं ते या चकत्यांवर. कोर्समध्ये शिकवलं होतं म्हणून चंद्रभानने प्रत्येकीची जोडीची नक्कलही करून ठेवली होती. इथवर शहाणपणच म्हणायचं.

मग चौऱ्याण्णवचा दसरा आला. गॅरेजवाला पाने पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, तर चंद्रभानने काय पुजावं? त्याने सगळ्या फ्लॉप्या पाकिटांतून काढून ताटात मांडल्या. नकलाही मांडल्या, कारण पूजेवाचून एकही राहायला नको. चकतीला मध्ये एक उघडी खिडकी असते. नेमकं तिथेच हळद, कुंकू, वर अक्षता, वर पाण्याचा शिंतोडा. डॉक्टर शेजारी हात जोडून उभे. एमबीबीएस माणूस!

दुसऱ्या दिवशी पहिली फ्लॉपी आत घातली. खर्रर्र. काही दिसेना. दुसरी घातली. खर्रर्र. शहाण्याने तिथे थांबावं की नाही? ह्याने एकामागून एक सगळ्या त्याच हळदीच्या तोंडात कोंबल्या. कुठली चालते ते बघू म्हणून. एकही चालली नाही. मुंबईहून मेकॅनिक आला, त्याने झाकण उघडलं, बोटाला लागलेलं कुंकू बघितलं आणि विचारलं, "इधर शादी हुई क्या?"

नवे भाग बसवून मशीन चालू झालं. जुनं मात्र सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, "वाच्यता नको. जुना रिपोर्ट मागायला येतंय कोण?"

आला बन्सी.

दिवाळीनंतर त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. चाळीचा जिना चढला की खालीच बसायचा. कंपनी दरवर्षी सगळ्यांचं रक्त याच लॅबमध्ये तपासून घेई, पण रिपोर्ट जायचा कंपनीत. कामगाराच्या हातात कधी काही पडत नसे. या वेळी बन्सीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की कंपनीने त्याला सरळ गेटबाहेर काढला. म्हणे दारू पितो, आजार घरून आणलाय. ज्याने विडीसुद्धा ओढली नाही तो! युनियनने पालघरला कामगार खात्यात तक्रार नेली. मुद्दा साधा होता. टाक्या धुताना बन्सीचं रक्त वर्षावर्षाला उतरत गेलं, हे दिसलं तर कंपनीला त्याचा उपचार करावा लागणार आणि नोकरीही ठेवावी लागणार. नाही दिसलं तर नोकरी गेली, खोली गेली आणि माणूसही गेला. कंपनी म्हणाली, आमच्याकडचे जुने रिपोर्ट सापडत नाहीत. तेव्हा अधिकाऱ्याने लॅबला कळवलं: एक्क्याण्णवपासूनच्या, त्या त्या वेळच्या ऑफिस कॉप्या घेऊन या.

चंद्रभानने ते पत्र वाचलं. बन्सीचा आकडा त्याला आठवत नव्हता. लाल रेघ मात्र आठवत होती. पहिलं साल सोडलं तर दर साली त्यानेच मारलेली.

"डॉक्टर, बन्सीचं रक्त उतरत होतं हो."

"तुझ्याकडे कागद आहे?"

"नाही."

"मग उतरत नव्हतं. त्या कंपनीची सगळी माणसं आपल्याकडे येतात, कळतंय का? ओरिजिनल हवेत ना, बनव ओरिजिनल. आणि तिथे सांगायचं, हे त्याच वेळी निघालेले कागद आहेत."

चंद्रभानने बनवले. तीन वर्षांचे तीन रिपोर्ट, तिन्हींत पेशी ठणठणीत. आकडाही तिन्हींत एकच, दुसरा सुचला नाही. ज्या हाताने मैनाबाईची भाकरी मोडली त्याच हाताने बटणं दाबली, आणि प्रिंटर किरकिरत असताना ह्याने टाय नीट केला.

पालघरच्या कचेरीत कंपनीचा वकील कागद नाचवत होता. "साहेब, तीन वर्षं नॉर्मल! बिघडलं ते यंदा, बाटलीने." बन्सी बाकावर भिंतीला टेकून बसला होता. तोंडाला लावलेला रुमाल लाल झाला होता. त्याने चंद्रभानकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

अधिकाऱ्याने विचारलं, "हे त्या त्या वेळीच निघालेले रिपोर्ट आहेत?"

"हो साहेब. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

मैनाबाई दाराशी उभी होती. तिला राहवलं नाही. "कशाचा आलाय कॉम्प्युटर! चिंचणीच्या दवाखान्यात ह्यांच्या आधीपासून हाय. ह्यांचा मागनं आला, मुंबैचा उतरलेला. उगा टाय लावून मिरवतंय."

तिला काही सापळा लावायचा नव्हता. पोटातली जळजळ होती, बाहेर पडली. पण चंद्रभानच्या शेपटीवर पाय पडला.

"काय बोलता वहिनी! चिंचणीला अजून वायर नाही पोचली. अख्ख्या बोईसर-तारापुरात पहिला कॉम्प्युटर आमचा! त्र्याण्णवचा दसरा. नारळ मी फोडलाय, या हातांनी! विचारा डॉक्टरांना."

अधिकाऱ्याने चष्मा वर केला. वरचा कागद हातात घेतला, भोकांच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "हा एक्क्याण्णवच्या जूनचा आहे. तेव्हा कशावर छापलात? नारळावर?"

कारकून फिस्सकन हसला. वकील फायलीत तोंड घालून बसला. आणि डॉक्टर वामनराव उठून काय म्हणाले माहीत आहे? "साहेब, ही सगळी ऑपरेटरची लबाडी. मला काहीच कल्पना नाही."

मग मात्र चंद्रभान फुटला. हळदकुंकू, खर्रर्र, बोंबील, "बनव ओरिजिनल", सगळं भडाभडा ओकला. शेवटी म्हणाला, "बन्सीच्या आकड्याखाली लाल रेघ मीच मारायचो. पहिल्या साली नव्हती, नंतर प्रत्येक साली." याला कुणी धाडस म्हणू नये. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बुडवलं म्हणून त्याने डॉक्टरांना ओढलं, बस. सांभाळून घेतलं असतं तर हा बन्सीला मसणात पोचवून पुन्हा चपला बाहेर काढायला सांगत बसला असता.

पण जबाब तो जबाब. तो लिहून घेतला गेला. कंपनीला बन्सीला हजेरीपटावर परत घ्यावं लागलं आणि मुंबईच्या सरकारी इस्पितळात उपचारही करावा लागला. आता तो गेटवर बसून गाड्यांची नोंद करतो. टाकीजवळ जात नाही. जिना अजून थांबत थांबत चढतो.

लॅबमध्ये नवा ऑपरेटर आला. पूजा होतेच, फक्त फ्लॉप्या कपाटात ठेवून.

चंद्रभानला काढलं त्या संध्याकाळी तो बन्सीच्या चाळीत आला. टाय खिशात. उंबऱ्याशी वाकून चपला काढायला लागला.

मैनाबाई चुलीपासून न उठता म्हणाली, "राहू द्या भावजी. घालूनच या. हितं काय कॉम्प्युटर न्हाई."

तो आत आला, भिंतीशी बसला. तिने भाकरी थापल्या, बन्सीला वाढलं, उरलेल्या बन्सीच्या सकाळच्या डब्यासाठी फडक्यात बांधल्या. ताट एकच मांडलं होतं.