राखेच्या बुधवाराआधीचं मटण

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आमच्या गावात मटणाच्या दुकानासमोर जी रांग लागते, ती बघून परक्या माणसाला वाटेल की उद्यापासून जगातली डुकरं संपणार आहेत. बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लागली की उपवासकाळ सुरू होतो आणि मग थेट ईस्टरपर्यंत आमच्या घरांतून मटण शिजत नाही. म्हणून मंगळवारी सगळे पोटभर खाऊन घेतात. नायगावच्या नव्या टॉवरांमधले लोक स्कूटर थांबवून विचारतात, आज तुमचा काही सण आहे का? रांगेतलं कोणी हो म्हणतं, कोणी नाही म्हणतं.

त्या मंगळवारी मी दुकानात पोचले तेव्हा रांग संपली होती आणि मटणही. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला होता. माझ्या वडिलांच्या पोटात नळी बसवायची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, ती अचानक अलीकडे आली. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या, म्हणाले. फोनवरची मुलगी इतकी आनंदाने बोलत होती, जसं काही आम्हाला लॉटरी लागली होती.

वडिलांना आम्ही बा म्हणतो आणि आईला आय. बाचा आजार नसांचा. आधी त्याची जीभ जड झाली. मग बोलणं इतकं अडखळायला लागलं की माझ्याशिवाय कोणाला कळेना. मग घास पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरायला लागला आणि त्या हिवाळ्यात त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की आता तोंडाने काही देणं धोक्याचं आहे. पोटात नळी घालू, त्यातून पातळ अन्न द्यायचं, तोंडाने घास बंद. हा आजार बरा होणारा नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बाने मान हलवली, मी मान हलवली. आय भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

म्हणजे बाला तोंडाने जेवायला ती एक संध्याकाळ उरली होती. त्याला मी विचारलं, काय खाणार? त्याने क्षणभरही विचार केला नाही. दोन्ही हातांनी एवढं मोठं पातेलं करून दाखवलं.

मला कळलं. गावातल्या लग्नांत डुकराचं मटण बाच करायचा. त्याचे पैसे घ्यायचा नाही, मान घ्यायचा, आणि तो पुरेपूर घ्यायचा. मटण रात्रभर ताडीच्या व्हिनेगरमध्ये मुरलं पाहिजे, चरबी मंद आचेवर सुटली पाहिजे, आणि शिजल्यावर आणखी एक रात्र झाकून ठेवलं पाहिजे, असा त्याचा कायदा. घाईने केलेल्या मटणाला तो आजाऱ्याचं जेवण म्हणायचा. आणि आता आमच्या हातात तेवढी एक संध्याकाळ होती आणि दुकानात चरबीचा एक तुकडा शिल्लक नव्हता.

उरला होता तो अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालची मऊ, बिनचरबीची पट्टी. आमचे लोक ती घेत नाहीत. मुरवून शिजवली तर ती लाकडासारखी कोरडी होते.

"ह्याचं काय करनार?" दुकानदाराने विचारलं. त्याच्या स्वतःच्या लग्नात बाने मटण केलं होतं.

"तव्यावर परतीन."

"बा कसा हाय?"

"हाय," मी म्हटलं. त्याने अंडरकट कागदात बांधला, वर पिशवी घातली आणि पिशवीला गाठ मारायला नको इतका वेळ घेतला.

घरी आय दारातच उभी होती. पिशवी बघून तिचा चेहरा बदलला.

आयचा नवस होता. डुकराचं मटण म्हणजे तिचा जीव की प्राण. आजाराचं नाव कळलं त्याच आठवड्यात ती चर्चमधल्या माउलीच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावून बोलून आली की हा बरा होईपर्यंत डुकराच्या मटणाला तोंड लावणार नाही. नाताळात तिने खाल्लं नाही, सख्ख्या भाचीच्या लग्नात खाल्लं नाही. गावातल्या बाया तिचं कौतुक करायच्या आणि मला संताप यायचा. त्या नवसामुळे घरात कोणाला खरं बोलायची सोय राहिली नव्हती. डॉक्टरांचा रिपोर्ट आला की ती म्हणायची, माउली बघेल. बाचा शर्ट सैल झाला की म्हणायची, बरा झाला की भरेल. मी एकदा चिडून म्हटलं होतं, आय, तू आता जन्मभर बिनडुकराची राहणार. तिने त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं.

"आज कशाला आनलंस?" ती म्हणाली. "ईस्टरला करू. तवर नळी निघंल त्याची."

"नळी निघणार नाही, आय. त्याला आज खायचंय. आज शेवट..."

"तो शब्द ह्या घरात बोलायचा नाय," ती म्हणाली आणि आत जाऊन देवघरातल्या माउलीची मेणबत्ती पेटवली, जी सकाळपासून पेटलेलीच होती. म्हणजे शेजारी दुसरी लावली.

मी बाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. घरात आत्याने नाताळात दिलेली सुकेळी होती. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, तपकिरी, चिकट, खाल्ली की दातांना मिठी मारणारी. आता वसईत ती करणारी घरं कमी राहिली. केळीच्या वाडीच कमी राहिल्या, तर केळी कोण वाळवणार? आत्या मात्र अजून अंगणात मांडव घालते आणि कावळ्यांना शिव्या देत बसते. मोबाईलवर मी बघितलं होतं की परदेशात डुकराच्या पातळ चकत्या तव्यावर परततात आणि वर सफरचंदाचा गोड रस घालतात. सफरचंद नाही तर सुकेळी, असं माझं गणित. शिवाय डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाण्यासारखं पातळ त्याच्या श्वासनळीत शिरतं, दाट असेल ते सावकाश उतरतं. सुकेळीचा रस चमच्याला चिकटून राहील इतका दाट होणार होता.

सुकेळी गरम पाण्यात घातली. अंडरकटच्या चकत्या कापल्या, मीठ-मिरी लावली. तवा तापल्यावर चकत्या टाकल्या तर असा वास सुटला की बा खुर्चीत सरळ होऊन बसला. मग त्याने बोट खाली करून दाखवलं. आच कमी कर. मी केली नाही, कारण ह्या प्रकाराला मोठी आच लागते. त्याने खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. मरणाच्या दारात बसलेला माणूससुद्धा चुलीची आच दुसऱ्याच्या हाती सोपवत नाही. मी त्याला म्हटलं, "बा, आज माझी पद्धत. गप बस." तो हसला. हसताना त्याच्या तोंडाच्या कडेने लाळ आली, ती मी पदर नसल्यामुळे कुर्त्याच्या बाहीने पुसली.

चकत्या आतपर्यंत शिजल्यावर काढून ठेवल्या. त्याच तव्यात बारीक कांदा, लसूण आणि आलं, मग बाटली मसाला, म्हणजे आमच्या घरोघरी उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरतात तो लाल मसाला, तो चिमूटभर. त्यावर मिक्सरमधून काढलेली सुकेळी आणि ताडीचं व्हिनेगर. बाने दोन बोटं वर केली, आणखी घाल. ते मात्र मी ऐकलं. रस फदफदायला लागला, तव्याला लागलेलं सगळं खरवडून त्यात मिसळलं, आणि रंग असा आला की मलाच भूक लागली. इतक्या महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात कोणाला तरी भूक लागली, ह्याची मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

टेबलावर बसल्यावर आयने जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. शेवटी तिने स्वतःचं जोडलं, की ईस्टरला हा आमच्याबरोबर बसून जेवू दे. आम्ही दोघींनी आमेन म्हटलं. बाने म्हटलं नाही.

तिच्यापुढे वरणभात होता. बापुढे मी मटण आणि रस वाढला. कसं खायचं ते आम्ही ठरवलं होतं. रस चमच्याच्या टोकाएवढा, हनुवटी छातीला टेकवून गिळायचा. मटण फक्त चावायचं आणि वाटीत थुंकायचं. दुसरा इलाज नव्हता. त्याने रस घेतला, डोळे मिटले, गिळला. खोकला आला नाही. मग चकतीचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिला. ते चावणं बघवत नव्हतं. जबडा एका बाजूला सरकायचा, हाताने तो परत आणायचा. कितीतरी वेळाने त्याने चोथा वाटीत टाकला. वाटी आयने धरली होती. तिने दुसऱ्या हाताने त्याचे ओठ पुसले, लहान मुलाचे पुसावेत तसे, आणि म्हणाली, "बरा झालास की गिळशील हां."

बाने आपलं ताट उचलून तिच्यापुढे सरकवलं.

"मी नाय खानार," ती म्हणाली. "माझा नवस हाय, तुला म्हायत नाय?"

तेव्हा तो बोलला. शब्द लोळागोळा होऊन आले, पण मला लख्ख कळले. मी बरा नाय होनार. तू खा.

"काय म्हनतो?" आयने मला विचारलं.

गेले कित्येक महिने मीच त्याची दुभाषी होते. तो बोलायचा, ती माझ्याकडे बघायची, मी सांगायचे. गोळी पाहिजे, पंखा लाव, पाठ दुखते. आणि आता जे सांगायचं होतं ते म्हणजे मी इतके दिवस तिच्या डोक्यावर आपटत होते तेच. तरी माझी जीभ उचलेना.

"तो म्हणतो, तू जेव," मी म्हटलं.

बाने टेबलावर हात आपटला. वाटी सांडली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बोलला, सावकाश, एकेक शब्द ओढून काढत. आयने पुन्हा मलाच विचारलं, "काय म्हनतो तो? मना नाय कळत." तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तो म्हणतो, तो बरा होणार नाही," मी म्हटलं. "तो म्हणतो, तू खा."

सांडलेली वाटी आयने सरळ केली, टेबल पुसलं. मग बाच्या ताटातली चकती हाताने उचलली, रसात बुडवली आणि तोंडात घातली. बा तिच्याकडे टक लावून बघत होता. तिने चावली, गिळली आणि दुसरी उचलली.

तेव्हा मला कळलं की मी इतका कोडगेपणा करू शकले ते तिच्या जिवावर. ती आशा धरून बसली होती म्हणून मला खरं बोलायचा माज होता. आता ती एकेक तुकडा गिळत होती आणि ह्या घरात बा बरा होईल असं मानणारं कोणीच उरत नव्हतं.

"आय," मी म्हटलं, "थांब ना." मी तिचा हात धरला.

तिने माझा हात बाजूला केला आणि खात राहिली.