भिंगावतीला दुःख पाहिजे

हल्ली कुणी नुसतं वाईट नसतं, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एका सव्वीस वर्षांच्या मुलीने मोबाइलच्या पडद्यावरून समजावून सांगितलं. प्रत्येक खलनायकाला लहानपणी काहीतरी झालेलं असतं म्हणे. कुणाची आई सोडून गेलेली असते, कुणाला वर्गात चिडवलेलं असतं, कुणाला बापाने कधी शाबासकी दिलेली नसते. मी यवतमाळला एका शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे. बापाने शाबासकी न दिलेली चाळीस-चाळीस पोरं माझ्या एकेका वर्गात बसतात, आणि त्यांतल्या कुणी अजून जग बुडवायला घेतलेलं नाही. हे मी बोललो नाही. मानधनाच्या कागदावर सही करून बसलो होतो.

झालं होतं असं. तीसेक वर्षांपूर्वी नागपूरचे एक प्रकाशक पातळ, स्वस्त कॉमिक्स काढायचे. त्यात एक उडणारा नायक होता, छाती रुंद आणि चेहऱ्यावर विचार म्हणून नाही. त्याला एक ज्येष्ठ चित्रकार काढायचे. मी तेव्हा नवखा, म्हणून माझ्या वाट्याला खलनायक. नायकाला हात साफ लागतो, खलनायक कसाही चालतो, असं प्रकाशकांचं मत होतं. पाच वर्षं मी ते काम केलं, मग कॉमिक्स बंद पडली आणि मला नोकरी लागली. आता पुण्याच्या एका कंपनीने ते सगळे हक्क विकत घेतलेत. जुने खलनायक नव्या जमान्यासाठी नव्याने काढायचे, मोबाइलवर वाचण्यासाठी, आणि मूळ चित्रकार जिवंत असेल तर त्याच्याकडूनच. मी जिवंत निघालो.

दर गुरुवारी चार वाजता मीटिंग. ती मुलगी त्यांची प्रमुख. स्वभावाने गोड, मला सर म्हणते, आणि पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकते. पहिल्याच गुरुवारी आमच्या भोंदू महाराजांचा निकाल लागला. हे महाराज विहिरींत विष कालवायचे. कंपनीचे वकील म्हणाले, महाराज नको, कुणाच्या तरी भावना दुखावतील. मग त्यांची दाढी काढून त्यांना मनःशांतीचे वर्ग घेणारा सल्लागार करण्यात आलं. मी विचारलं, मग विहिरीत विष कोण कालवणार? ती म्हणाली, सर, आता विहिरी आहेत कुठे? आमच्याकडे आहेत, मी म्हटलं. त्यावर तिने काहीतरी टिपून घेतलं.

लोखंडी हाताच्या पहिलवानाला आता झोप येत नाही. टोळधाड पाळणारा शास्त्रज्ञ पृथ्वी वाचवायला निघालाय, थोडीशी माणसं मारतो, पण तळमळीने. मग नायकाने करायचं काय, हे मी तीन आठवडे विचारतोय. नायकही गोंधळलेला आहे, असं उत्तर मिळतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पहिलवान एका चौकटीत रडतो असं मला काढायला सांगितलं, तर मी काढलं. लोखंडी हाताने डोळे पुसताना तो इतका बावळट दिसायला लागला की बायकोने मागून बघितलं आणि ती हसत सुटली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण चौथ्या गुरुवारी ती म्हणाली की सुरुवात भिंगावतीपासून करायची.

भिंगावती आमची सगळ्यांत गाजलेली खलनायिका. उंच, अंगभर आरशांची भिंगं लावलेला पोशाख. भर उन्हात कमरेवर हात ठेवून उभी राहिली की नायकाचे डोळे दिपायचे आणि तो आकाशातून सरळ खाली पडायचा. मग ती त्याला लुटायची. पोरं नायकाला सोडून तिलाच पत्रं लिहायची. आणि भिंगावती म्हणजे माझी आई होती, हे मी तीस वर्षांत बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही बंजारा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव हिंडायचे, आता कापूस, सोयाबीन, तूर पेरतो. आमचा तांडा केळापूरच्या बाजूला, पांढरकवड्याजवळ. घरी गोरबोली बोलतो आणि आईला याडी म्हणतो. तिचं बोलणं इथे वऱ्हाडीत लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला कोडं पडायला नको. तर तेव्हा मी बाविशीचा होतो, सुट्टीत घरी आलो होतो, आणि नागपूरहून पत्र आलं: चार दिवसांत एक बाई पाहिजे, जरा रानटी, भटकी, बघून भीती वाटेल अशी. मी ओसरीवर कागद घेऊन बसलो. त्या नादात बकऱ्या तुरीत शिरल्या. याडी निंदण टाकून आली आणि दारात उभी राहून मला शिव्या द्यायला लागली. मागून ऊन होतं, चोळीवरची, म्हणजे आमच्या कांचळीवरची भिंगं चमकत होती, माझे डोळे मिटत होते. मी खाली मान घालून शिव्या खाल्ल्या आणि ती वळल्यावर तिला जशीच्या तशी कागदावर उतरवली.

रानटी, भटकी हे शब्द मी वाचले होते. ते वाचून मला राग यायला पाहिजे होता. मला आनंद झाला, की नमुना घरातच सापडला. याची लाज मला पुढे वाटली, पण तोवर भिंगावतीचे दहा-बारा अंक निघून गेले होते. याडीला मी सांगितलं होतं की शाळेच्या पुस्तकातली चित्रं काढतो. कॉमिक्सचा एक अंकही कधी घरी नेला नाही. तिला वाचता येत नाही, पण चित्र बघायला कुठे वाचता यावं लागतं? तिने ते बघू नये, पोराने आपल्याला लुटारू करून विकलं हे तिला कळू नये, एवढी एकच गोष्ट मी आजवर जपली. कॉमिक्स बंद पडली तेव्हा सगळे हळहळले, मी सुटलो.

आणि आता ही बया मोबाइलवर येणार. तांड्यात घरटी दोन मोबाइल आहेत.

मी बरीच खटपट केली. म्हटलं, भिंगावती जुनाट वाटते, वगळू या. प्रमुख म्हणाली, उलट तीच चालेल, फक्त अस्सल पाहिजे. त्यासाठी त्या समाजातली एखादी व्यक्ती सल्लागार म्हणून शोधायला त्यांनी दोन माणसं लावली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वैतागून मी बोलून गेलो की मीच त्या समाजातला आहे. मग काय विचारता. तिला इतका आनंद झाला की तिने आणखी चौघांना मीटिंगमध्ये बोलावून मला दाखवलं. मला खऱ्या पोशाखाचे फोटो आणायला सांगितलं. आणि शेवटी तिने नेहमीचा प्रश्न काढला, भिंगावतीचं दुःख काय? उत्तरही तिच्याकडे तयार होतं. गावकऱ्यांनी तिच्या नवऱ्याला मारलं, असं करू या का? म्हणजे लोकांना तिचा राग पटेल. मी रेंज गेली म्हणालो आणि फोन बंद केला.

फोटोसाठी याडीकडे जातो म्हटल्यावर बायको म्हणाली, सांगायचं असन तं सरळ सांगा, नाही तं जाऊच नका. तिचं बरोबर होतं, म्हणून मी तिच्यावरच चिडलो. रविवारी गाडी काढली आणि पांढरकवड्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत किमान चार वेळा वाक्य जुळवलं. एकही धड नव्हतं.

याडी अंगणात सुपात तुरी पाखडत बसली होती. पंचाहत्तरी ओलांडली तरी अजून फेटिया, म्हणजे घागरा, आणि कांचळीच घालते. तांड्यात अशा आता तिघीच उरल्यात, बाकी सगळ्या साडीत. मी इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि शेवटी जे करायचं नाही तेच केलं. म्हटलं, सरकारी पुस्तक निघतंय, त्यात आपल्या पोशाखाचा फोटो पाहिजे. तिने सूप खाली ठेवलं, उभी राहिली, मी म्हटलं तशी वळली. तीन फोटो निघाले. चौथ्याच्या वेळी ती म्हणाली,

"त्या बाईले अजून काढून राह्यला काय?"

कोणत्या बाईला, मी विचारलं. चोपन्न वर्षांच्या माणसाला तेवढंच सुचलं.

"ते भिंगावाली. नागपूरच्या पुस्तकातली."

तिला पहिल्या अंकापासून ठाऊक होतं. शेजारची सून पांढरकवड्याच्या एस.टी. स्टँडवर टांगलेला तो अंक घेऊन आली होती आणि तांड्यातल्या बायका हापशीवर तो बघत उभ्या राहिल्या होत्या. एकीनेही ओळखायला वेळ लावला नाही. मला आधी पटेना. चेहरा मी मुद्दाम बदलला होता. नाक पोपटासारखं केलं होतं, डोळे हिरवे. तोंडावरून कसं ओळखलं, मी विचारलं.

"तोंडावरून नाही," याडी म्हणाली. "दंडावरून."

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्यात लग्न झालेल्या बाईच्या दंडात, कोपराच्या वर, चुडा असतो, खांद्यापर्यंत भरलेला. नवरा गेला की तो उतरवतात आणि दंड उघडे राहतात, जन्मभर. माझा बाप त्या चित्राच्या दोन वर्षं आधी तापाने गेला होता. मी डोळ्यासमोर होतं ते काढलं, भिंग न् भिंग काढलं, आणि दंड उघडे काढले. नागपूरकरांना त्यात काही दिसलं नाही, वाचकांना दिसलं नाही, आणि तांड्यात जन्मून मलाही पाच वर्षांत एकदाही दिसलं नाही. तांड्यातल्या बायकांनी मात्र एका नजरेत वाचलं. त्या वयाची आणि त्या उंचीची दुसरी विधवा तेव्हा तांड्यात नव्हती.

मला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं. मी म्हटलं, मग मला बोलली का नाहीस कधी? एवढी चोरटी, लुटारू काढलं तुला.

ती परत खाली बसली आणि सूप मांडीवर घेतलं. लुटारू काढल्याचा राग तिला आलाच नव्हता. उडणारा माणूस तिला बघून खाली पडतो, हे हापशीवरच्या बायकांना फार आवडलं होतं आणि तिलाही. त्या साली नवरा नसलेल्या बाईला भ्यायला कोणीच तयार नव्हतं. माझ्या चुलत्यांनी धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवून घेतला होता, बैल कोणी वेळेवर देत नव्हतं. पुस्तकात तरी लोक भितात, असं तिने तेव्हा म्हटलं होतं म्हणे.

"चोर काढलं ते चांगलं केलं," ती म्हणाली. "पण दंड उघडे काहून ठेवले? साऱ्या स्टँडवर रांडमुंड करून टांगलं मले."

तिने सुपातल्या तुरी पाखडून संपवल्या, आणि सूप बाजूला ठेवून म्हणाली,

"आता नवी काढून राह्यला तं चुडा भर तिले."

पिशवीत वही होती. तिथेच अंगणात बसून मी भिंगावतीचा हात काढला, कोपर, दंड, खांदा, आणि चुडा भरायला घेतला. तिने मान वाकडी करून बघितलं आणि लगेच दोष काढला. एवढा सैल नसतो. हात वर केला तरी हलायला नको, इतका घट्ट असतो. मी खोडून परत काढला. मग म्हणाली की कमी भरलास, खांद्यापर्यंत येऊ दे. तिसऱ्यांदा काढला तेव्हा तिने बोटाने कागदावर खालून वरपर्यंत एकदा फिरवून बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

गुरुवारी चार वाजता मी चित्र पाठवलं. प्रमुखाला ते फार आवडलं. हातातलं ते काय, तिने विचारलं, फार पॉवरफुल दिसतंय. मी सांगितलं की तो चुडा आहे, आणि त्याचा अर्थ तिचा नवरा जिवंत आहे. तो घरी असतो. ती लुटून आली की भाकर वाढतो. मग ती म्हणाली की सर, पण मग तिचं दुःख काय? ती अशी का वागते? मी म्हटलं, तिची मर्जी. यावर त्या पाचही जणांनी आपापसात चर्चा केली. आवाज बंद होता, तोंडं तेवढी हलताना दिसत होती. शेवटी प्रमुख परत आली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली की ठीक आहे, सुरुवातीला नवरा राहू दे. चौथ्या भागात मारू या का त्याला?

मी इतक्या मोठ्याने नाही म्हटलं की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. कंत्राट मोडा, पैसे परत घ्या, दुसरा चित्रकार बघा, काय करायचं ते करा, मी म्हणालो. यावेळी तो मरणार नाही.