मध्ये एक पाणी

इक्बाल गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी रक्ताची ट्यूब होती. फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता. जहाजावरून सुट्टी टाकून तो नुकताच रत्नागिरीत आला होता. "वैशालीताई, भाई..." एवढंच तो म्हणाला. "आलेच" म्हणून मी फोन ठेवला, आणि निघायचं सोडून आधी लॅबमधल्या रक्त तपासायच्या मशीनला एक ब्लँक लावला. ब्लँक म्हणजे रक्ताऐवजी नुसतं मशीनचं खारट पाणी. पडद्यावर सगळीकडे शून्य आलं. मग ती ट्यूब लावली, रिपोर्ट काढला, सही केली, आणि मगच बाहेर येऊन रिक्षात बसले. आमच्या आताच्या मशीनला असं मध्ये पाणी सोडावं लागत नाही, ते स्वतःचं स्वतः धुऊन घेतं. तरी मी सोडते. का, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे. परवा त्याचा चाळिसावा दिवस झाला.

इक्बाल हा माझा शाळेपासूनचा मित्र, आणि मी आजवर पाहिलेला सगळ्यात घाबरट माणूस. हे मी त्याच्या तोंडावर इतक्यांदा म्हटलेलं आहे की आता छापून यायला काही हरकत नाही. तो कुत्र्याला भ्यायचा, फटाक्याला भ्यायचा, इंजेक्शनची सुई पाहिली की भिंतीकडे तोंड करायचा. वीज कडाडायला लागली की आमच्याकडे सगळेच टीव्हीची पिन काढतात. हा टीव्ही, फोन, मिक्सर, सगळ्याच्या पिना काढून वर स्वतः पलंगावर पाय घेऊन बसायचा. आणि सगळ्यात जास्त भ्यायचा तो समुद्राला. जन्म मिरकरवाड्यातला, वडील बोटीवर, दोन्ही भाऊ बोटीवर, मामा बोटीवर, आणि हा मांडवीच्या जेटीवरसुद्धा कडेपासून चार हात लांब उभा राहणार! "आमच्या घरात कोरडा राहिला तो हा एकच गो बाय," त्याची आई मला सांगायची आणि तो शेजारी बसून खुशाल हसायचा. मी त्याला येता-जाता "मेल्या" म्हणायचे, आपल्याकडे बायका म्हणतात तसं. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि तिथेच थांबतो.

बोटीवर जाणार नाही म्हटल्यावर त्याने टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास त्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर आला आणि कुठल्याशा मासिकाबरोबर मिळालेली लिनक्सची सीडी आली. आम्हाला तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, दुसरं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. लिनक्स फुकट होतं, पण लोकांना हवे असलेले प्रोग्रॅम सगळे विंडोजचे. तर जगभरातली काही माणसं फावल्या वेळात एक सॉफ्टवेअर लिहीत होती, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं. प्रोग्रॅमने विंडोजकडे काही मागितलं की हे मधे उभं राहून विंडोजच्या वतीने उत्तर द्यायचं. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, सुधारावा, आणि ज्याला ते जमत नाही त्याने निदान चालवून बघावं आणि काय बिघडतं ते कळवावं. इक्बाल कळवणारा झाला. फोनच्या लाइनवरून नवी आवृत्ती उतरवायची म्हणजे दिवस जायचा, आणि निम्मी उतरली की आभाळ गडगडायचं, की हा पिन काढून मोकळा... पुन्हा पहिल्यापासून! सुरुवातीला पत्त्यांचा खेळ उघडला तर पत्ते दिसायचे पण उचलता यायचे नाहीत. एखादी खिडकी उघडायची ती अक्षरांच्या जागी नुसते चौकोन घेऊन. तो हे सगळं डिक्शनरी समोर ठेवून इंग्रजीत लिहायचा आणि मी त्याच्या इंग्रजीला हसायचे.

"सारखं बंद पडतं रे ते तुझं," मी एकदा म्हटलं. "बंद पडलं तर कसली भीती?" तो म्हणाला. "बंद पडलं म्हणजे ते कबूल करतंय, मला जमत नाही. मला भीती वाटते ती चालतंय तेव्हा. चालतंय, पण चुकीचं चालतंय, आणि कुणालाच कळत नाही..." मला तेव्हा हे त्याच्या पिना काढण्यातलंच एक वाटलं होतं.

मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेव्हा टेक्निशियन होते, तिथेच आजही आहे. आमच्याकडे रक्तातल्या पेशी मोजणारं एक मशीन होतं. ते वायरने कॉम्प्युटरला जोडलेलं, आणि कॉम्प्युटरवरचा विंडोजचा एक प्रोग्रॅम रिपोर्ट छापायचा. त्या विंडोजची कॉपी अर्थातच चोरीची होती, सगळ्या गावाचीच होती. मग एका वर्षी अफवा उठली की मुंबईहून माणसं येतात, धाड घालतात, कॉम्प्युटर उचलून नेतात. लॅबचे मालक, आमचे सर, यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात व्हायरसने ते विंडोज दोनदा खाल्लं. मीच सरांना इक्बालचं नाव सांगितलं. तो मात्र यायलाच तयार नव्हता. "पत्त्यांचा खेळ वेगळा गो, हे रक्त आहे," म्हणत राहिला. शेवटी आला, लिनक्स टाकलं, त्यावर तो प्रोग्रॅम उभा केला, आणि पुढे कित्येक संध्याकाळी लॅब बंद झाल्यावर आम्ही तपासत बसलो. माझं रक्त, सरांचं रक्त, भिंतीकडे तोंड करून दिलेलं त्याचं रक्त. एक ट्यूब लावायची, कागद निघाला की मशीनच्या छोट्या पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून बघायचं, मग दुसरी. एकही आकडा चुकला नाही. सर खूश झाले. इक्बाल घरी गेला तो काळजीतच.

त्या वर्षी गणपती गेले आणि तापाची साथ आली. आमच्याकडे पेशंट यायचे ते सकाळच्या एसटीने, गावोगावचे सगळे एकदम, आणि सगळ्यांना दुपारच्या गाडीने परत जायचं असायचं. दाराबाहेर रांग, बाकावर रांग. मीही घाईला आले. एकाचा कागद छापून होतोय तोवर पुढच्याची ट्यूब लावत होते. त्या रांगेत माझी लेक सुजाताही होती, दुसरीतली, तीन दिवस तापाने फणफणलेली. तिच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एक लाख नव्वद हजार आल्या. छान रिपोर्ट! नवरा तो घेऊन डॉक्टरांकडे गेला, तिथून फोन केला, "घरीच ठेवा म्हणालेत, उतरेल ताप." मी देवादिकांच्या भानगडीत नसते, पण तेव्हा हात जोडले गेले.

दुपारच्या आधी इक्बाल प्रिंटरची रिबन घेऊन आला. "सकाळपासून एकदाही अडकलं नाही?" त्याने विचारलं. "नाही रे, मस्त चाललंय." त्याचा चेहरा उतरला. रांगेतून वाट काढत तो मशीनपाशी गेला, नुकताच निघालेला कागद एका हातात धरला आणि पडद्यासमोर उकिडवा बसला. "वैशाली, थांब." "आता नाही हं, रांग बघ." "थांब म्हणतो ना!" त्याने आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. कागदावरचे बाकीचे सगळे आकडे बरोबर होते, फक्त शेवटची ओळ, प्लेटलेटची, ती पडद्यावर वेगळी होती. कागदावर होती ती आधीच्या पेशंटची होती. घाईघाईत एकामागे एक ट्यूब लावल्या की ती एक ओळ वाटेत अडकून राहत होती आणि पुढच्याच्या कागदावर छापून येत होती. एकाची त्याच्या पुढच्याला, त्याची त्याच्या पुढच्याला... आम्ही संध्याकाळी निवांत, एकेक ट्यूब लावून तपासलं होतं. रांग लावून तपासायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

मशीनच्या पोटात सकाळचे खरे आकडे होते. इक्बाल एकेक मागे नेत गेला. सुजाताचं नाव आलं. बावीस हजार. मी घरी फोन लावला तर वाजतोय, कुणी उचलत नाही. तशीच रिक्षा पकडली. त्या रिक्षात मी काय काय पाहिलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. घरी पोचले तेव्हा नवरा औषधं आणायला गेला होता, ती झोपली होती आणि उशीवर हिरडीतून आलेल्या रक्ताचा डाग होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, बरं झालं आणलीत, उद्यावर गेलं असतं तर... पुढचे दिवस मी तिच्या खाटेपाशी बसून फक्त तिच्या हिरड्या बघत होते.

आणखी एकच आकडा तसा वाईट निघाला होता. जयगडच्या खाडीपलीकडच्या एका बाईचा. ती चांगला रिपोर्ट घेऊन मिळाली त्या पहिल्याच गाडीने निघून गेली होती. घरी फोन नाही. सर म्हणाले, माणूस पाठवू. इक्बाल म्हणाला, "मीच जातो." एसटीने जयगडला गेला, आणि पावसाने फुगलेली ती खाडी होडीतून ओलांडली. हे मला त्याच्या आईकडून कळलं, तिला होडीवाल्याने सांगितलं होतं. मधोमध बसला होता, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून, आणि पलीकडे उतरला तो ओकलाच. दुसऱ्या दिवशी त्या बाईला घेऊन तसाच परत आला. ती वाचली. सुजाता घरी आली तेव्हा तो भेटायला आला, खाऊ घेऊन. मी विचारलं, "मेल्या, होडीत भीती नाही वाटली?" "वाटली की," तो म्हणाला. "पण ती बाई खुशीत घरी गेली होती ना गो रिपोर्ट घेऊन. त्याची जास्त वाटत होती."

मग तो त्या बिघाडाच्या मागे लागला. मी हाताने रिपोर्ट लिहीत होते आणि तो शेजारी बसून भराभर ट्यूब लावून बघत होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्याने सगळं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, आमच्याकडे तर नीट चालतं. त्याने पुन्हा लिहिलं, रांग लावून बघा. त्यांनी बदल करून पाठवला, तो उतरवला, तपासला, पुन्हा तेच. असं बरेच आठवडे. ते परके लोक कुठे राहतात, काय खातात, काही माहीत नाही, पण त्यांनीही पिच्छा सोडला नाही. एकदाची ती अडकणारी ओळ सुटली. त्यांनी त्याचे आभार मानले, ते त्याने मला तीनदा वाचायला लावले. "झालं ना आता?" मी म्हटलं. "झालं असं आपण तेव्हाही म्हणालो होतो," तो म्हणाला. "आता कितीही रांग असू दे, दोघांच्या मध्ये एक पाणी सोडत जा. मागचं काही अडकलंच तर पुढच्या कागदावर शून्य येईल. शून्य दिसलं की कुणीही घाबरेल. घाबरलेलं बरं."

या वर्षी मे महिन्यात तो लॅबमध्ये आला, दंडावर निळे डाग घेऊन. "थकवा येतो गो, आणि ब्रश केला की रक्त." मी सुई हातात घेतली आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. पाणी सोडलं, मग त्याची ट्यूब लावली. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या, रक्ताच्या कॅन्सरमध्ये वाढतात तशा, आणि प्लेटलेट नावालाच उरल्या होत्या. मी पुन्हा पाणी सोडलं. शून्य. पुन्हा त्याची ट्यूब. तेच. आणखी एकदा पाणी, आणखी एकदा ट्यूब... इतकी वर्षं मला एकच भीती होती, एकाचा आकडा दुसऱ्याच्या कागदावर जाऊ नये. त्या दिवशी त्याच्याकडे पाठ करून मी त्या मशीनपुढे अक्षरशः पदर पसरला की हा आकडा दुसऱ्या कुणाचा तरी असू दे, काहीतरी अडकलेलं असू दे, तू खोटं बोल एकदा, एकदाच बोल.

"वैशाली," मागून तो म्हणाला, "मध्ये पाणी सोडलंस ना?"

"सोडलं."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"मग माझाच आहे," तो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बस जरा. पांढरी पडलीस." त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती सगळी माझ्याकडे आली होती आणि अजून माझ्याकडेच आहे.

चाळिसाव्याला त्याच्या आईने मला आत बोलावून जवळ बसवलं. खिडकीत त्याचा कॉम्प्युटर होता, वर कापड टाकलेलं, आणि त्याची पिन काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली. "आभाळ येतं ना संध्याकाळचं," ती म्हणाली, "म्हणून काढून ठेवली मी."

लॅबमध्ये सगळे मला हसतात. मॅडम, पाणी फुकट जातं, वेळ जातो, मशीन स्वतः धुतं. जाऊ दे. आज सकाळीही एसटीने आलेली रांग होती. एकाचा कागद निघाला, मी पाणी सोडलं आणि नेहमीसारखा श्वास धरून उभी राहिले. सगळीकडे शून्य आलं. मशीनच्या हिशेबात याचा अर्थ, आधीच्या माणसाचं काही मागे उरलेलं नाही. मी थोडा वेळ त्या शून्यांकडे बघत राहिले आणि मग पुढच्याचं नाव पुकारलं.