वामनदादाची लांब नळी

मी खारेपाटणला धाकट्या बहिणीकडे होते. आम्ही दोघी अंगणात फणसपोळ्या वाळत घालत होतो, तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "शालू, वामन गेलो गो," एवढंच त्या म्हणाल्या. मग पलीकडून नुसती घरघर ऐकू येत होती. ती मी ओळखली. दादाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पंख्यांची. जेवून खुर्चीत बसला आणि बसल्याबसल्याच गेला, हे मला नंतर समजलं. पण माणूस गेला तरी त्याचं गणित चालूच आहे, हे त्या फोनवरच कळलं होतं. गावी मिठबावला पोचेपर्यंत एसटीत मी रडले नाही. मला राग आला होता. कुणाचा, ते विचारू नका.

वामनदादा माझा आतेभाऊ. आमची घरं शेजारी, मध्ये दगडांचा एक बुटका गडगा. त्याने लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या माघारी वहिनी आणि तो, एवढीच दोन माणसं त्या घरात. आयुष्यभर त्याने एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. नळ बारीक सोडला की पाण्याची धार काचेसारखी गुळगुळीत पडते आणि मोठा सोडला की तीच फेसाळून थडथडायला लागते. मधल्या मध्ये काय होतं? हे तो मला वहिनींच्या मोरीतला नळ उघडून दाखवायचा आणि आतून वहिनी ओरडायच्या, "पाणी खंय फुकट घालवतस रे!" त्याचं स्वतःचं पाणी मात्र कॉम्प्युटरमध्ये होतं, आकड्यांचं. एका लांब नळीतून ते वाहायचं, आणि पाण्याचे नियम तो दशांशचिन्हापुढे कितीतरी घरांपर्यंत काटेकोर पाळायला लावायचा. "ढोबळ हिशोब केलंय तर पाणी खवळता, नायतर उगीच निवता," तो म्हणायचा. "मगे ता पाण्यान केल्यान की मी, ह्या कोण सांगतलो?"

मी शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. गणिताशी माझा उभा दावा. तरी एवढं समजलं होतं, की एका ठरावीक वेगाला सगळी नळी शांत असते आणि तिच्यातून खवळलेल्या पाण्याचा एकच पुंजका वाहत जातो. मी त्याला गुंता म्हणायचे, मग तोही म्हणायला लागला. गंमत अशी की हा गुंता म्हातारा होत नाही. "तेका वय नसता, शालू. आज आसा, उद्या आसा... आणि मगे एकदम नाय." एक तर तो असा अचानक विरून जातो, नाहीतर त्याआधी त्याचे दोन होतात. एकटे गुंते विरण्याआधीच दोन व्हायला लागले, की पाणी कायमचं खवळतं. सगळा प्रश्न एवढ्याचाच होता.

आणि इथेच त्याची चूक झाली होती. शहरातल्या संस्थेत असताना त्याने निबंध लिहून सांगितलं होतं, की अमुक वेगाला गुंत्याचे दोन होतच नाहीत, तो एकटाच संपतो. निबंधाचं नाव झालं. आता कॉम्प्युटरमध्ये अनंत लांबीची नळी मावत नाही, म्हणून हे लोक तिचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडतात, बांगडीसारखं. बाहेर पडलेलं पाणी पुन्हा आत येतं. नळी पुरेशी लांब असली तर त्याने काही बिघडत नाही. दादाने ती आखूड घेतली होती. गुंता फिरून यायचा तो स्वतःच घुसळलेल्या पाण्यात. ते अजून निवलेलं नसायचं, आणि तशा पाण्यात त्याला जोर धरता येत नसे. "तो आपणाकच भेटत होतो गो. आणि माका वाटला, एकटो आसा म्हणान मेलो," दादा सांगायचा. ही चूक दुसऱ्या कुणालाच दिसली नव्हती. त्यालाच दिसली, आणि सहकारी नको नको म्हणत असताना त्याने निबंध मागे घेतला. निवृत्त होऊन गावी आला तो हे यंत्र घेऊन, लांब नळी चालवायला, आणि त्यासाठी घराच्या मागच्या अंगाला नवी खोली काढली.

वहिनींचं म्हणणं वेगळंच. "लगीन केल्यान नाय, आणि आता म्हातारपणी नळीत पोर व्हयो तेका!" रोज संध्याकाळी दादा गडग्यावरून मला हाक मारायचा. पडद्यावर नळीची लांबलचक निळी पट्टी, तिच्यात एक लाल गुंता. आम्ही दोघं ती बघत चहा प्यायचो. वीज गेली की इन्व्हर्टर कुईकुई करायचा आणि दादा कासावीस व्हायचा. मला तिथे बसायला आवडायचं. आमचे हे गेल्यापासून माझ्या घरात आवाज करणारं काहीच उरलं नव्हतं.

तो गेला त्या जागी वहिनींनी पीठ पसरून दिवा ठेवला, वर टोपली झाकली. पिठावर पाऊल उमटतं ते गेलेल्याच्या पुढच्या जन्माचं, असं आमच्याकडे मानतात. त्याच खोलीत यंत्र घरघरत होतं. वहिनींचा मुलगा पनवेलहून आला होता. दिवसकार्य झालं की आईला घेऊन जायचं, वीज तोडून घर बंद करायचं, असं त्याचं ठरलं होतं. त्यात गैर काही नव्हतं. पण दादाची विद्यार्थिनी अश्विनी फोनवर काकुळतीला आली. "मावशी, एवढ्यात बंद करू नका." मी म्हटलं, अगं, त्यातलं उचलून तुझ्या यंत्रावर ने की. "नेता येईल. पण शेवटच्या दशांशात कुठेतरी फरक पडेल, आणि मग हा सरांचा गुंता राहणार नाही. दुसराच कुणीतरी होईल."

मग मीच पट्टीसमोर बसायला लागले. घर बंद करायच्या आदल्या दिवशी पाहिलं, तर लाल ठिपके दोन! मी अशी ओरडले की वहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या. अश्विनीला फोन लावला. ती जपून म्हणाली, "मावशी, एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला आहे का?" होय म्हटलं. "टोकं जोडलेली आहेत ना... तो एकच आहे. अर्धा बाहेर पडलाय, अर्धा आत आलाय." मला स्वतःचीच लाज वाटली. वहिनींनी खात्री करून घेतली, "एकटोच मां?" मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बॅगा गाडीत गेल्या, मुलगा हॉर्न वाजवायला लागला, आणि वहिनी दादाच्या खोलीच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या. "तेच्या पोराचा काय ता होवंदे. मगे कुलूप घालूया. तू जा पुढे." मुलगा चिडला, त्याने हात जोडले, आणि शेवटी एकटाच गेला.

त्यानंतर एका सकाळी पट्टीच्या अगदी मध्यावर दोन दिसले. दोघांच्या मध्ये स्वच्छ निळं. या वेळी मी ओरडले नाही. दोघं पुढे सरकताहेत आणि दोनच राहताहेत, हे संध्याकाळपर्यंत बघत बसले, मग फोन केला. अश्विनी हुंदके देऊन रडली. "सरांचं तेव्हाचं चुकलं होतं, मावशी. आता नक्की झालं." एखाद्याची चूक सिद्ध झाली म्हणून आनंदाने रडणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं. दादाला हेच हवं होतं. वहिनींनी यंत्रापुढे साखर ठेवली, आणि त्या आठवड्यात पनवेलला गेल्या.

बंद करायचं काम माझ्याकडे आलं. अश्विनीने सांगितलं तसं मी केलं. पंखे हळूहळू मंदावले आणि थांबले. इतकी वर्षं त्या खोलीत बसले, पण तिथून समुद्राची गाज ऐकू येते हे मला माहीतच नव्हतं. त्यालाही नसणार, तो आल्यापासून यंत्र कधी थांबलंच नव्हतं. मी खुर्चीकडे वळून म्हटलं, "दादा, हयसून दर्यो आयकाक येता रे." आणि तो काय म्हणतो, म्हणून थांबले.